कंपनी आपली, पण खाते कुणाचे?

खडकवासला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात आपल्या समाजातले अनेक तरुण आता नोकरीची वाट पाहत न बसता स्वतःचे काही सुरू करू लागले आहेत. कुणी विजेच्या देखभालीची कामे घेतो, कुणी साफसफाईसाठी माणसे पुरवतो, कुणी केटरिंग करतो, कुणी घरातूनच सॉफ्टवेअरची कामे करतो. त्यातले काही जण सीएकडे किंवा एजंटाकडे जाऊन थेट प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवतात. प्रमाणपत्र हातात येते, व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे जयभीम येतात आणि आठवडाभरात एक प्रश्न हमखास समोर येतो : "आम्ही दोघेच तर आहोत. माझे बचत खाते आहे, गूगल पे आहे. कंपनीसाठी वेगळे खाते काढलेच पाहिजे का? चालू खात्यात पैसे अडकवून ठेवायचे, वर बँकेचे चार्जेस भरायचे, कशाला?"

उत्तर आधी देतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असो की एका व्यक्तीची कंपनी (ओपीसी), तिचे स्वतःच्या नावाचे बँक खाते हवेच. ‘प्रत्येक कंपनीने बँक खाते काढावे’ असे एका वाक्याचे कलम कंपनी कायदा २०१३ मध्ये शोधू नका. पण इतक्या वेगवेगळ्या नियमांनी बाकीच्या वाटा बंद केल्या आहेत की खात्याशिवाय कंपनी कायदेशीरपणे एक पाऊलही टाकू शकत नाही. आणि आपल्या तरुणांच्या बाबतीत यापलीकडचे एक कारण आहे, ते सीए सहसा सांगत नाहीत. त्याकडे येतोच.

आधी मूळ मुद्दा. कंपनी म्हणजे तुम्ही नव्हे. कंपनी ही कायद्याच्या नजरेत एक वेगळी व्यक्ती आहे. तिचे नाव वेगळे, पॅन वेगळा, मालमत्ता वेगळी, कर्ज वेगळे. हा सिद्धांत एका चांभाराच्या खटल्यातून पक्का झाला, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन नावाचा बूट तयार करणारा व्यावसायिक होता. त्याने १८९२ मध्ये आपला धंदा कंपनीत बदलला. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्याचे आणि उरलेले सहा बायकोमुलांचे, प्रत्येकी एक. कंपनी बुडाली तेव्हा देणेकऱ्यांच्या वतीने म्हटले गेले की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, वसुली त्याच्याकडून करा. १८९६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, नाही. कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बाचा एफ. गुझदर विरुद्ध आयकर आयुक्त, मुंबई या खटल्यात याच तत्त्वाची दुसरी बाजू दाखवली. चहाच्या कंपन्यांच्या उत्पन्नातला ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न म्हणून धरला जात होता. मला मिळालेल्या लाभांशालाही तीच सवलत द्या, असे भागधारकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारले. भागधारकाला लाभांशाचा हक्क आहे, पण कंपनीच्या मालमत्तेत त्याची मालकी नाही.

म्हणजे १०० टक्के शेअर तुमचे असले तरी कंपनीला आलेला रुपया तुमचा नाही. तो तुमच्या बचत खात्यात उतरला तर कायद्याच्या भाषेत दुसऱ्याचा पैसा तुमच्याकडे आला. इथूनच सगळ्या अडचणी सुरू होतात.

१८० दिवसांचे घड्याळ

समजा, खडकवासल्यातल्या एका तरुणाने आणि त्याच्या मैत्रिणीने मिळून विजेच्या देखभालीची कंपनी काढली. भांडवल १ लाख रुपये; त्याचे ६० हजार, तिचे ४० हजार. नोंदणी झाली म्हणून लगेच काम सुरू करता येते का? येत नाही. २ नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदवलेल्या, भागभांडवल असलेल्या कंपन्यांना कलम १०ए लागू आहे. ज्यांनी शेअर घ्यायचे कबूल केले त्यांनी त्याचे पैसे प्रत्यक्ष भरले आहेत, असे घोषणापत्र संचालकाने नोंदणीपासून १८० दिवसांच्या आत द्यायचे असते. फॉर्मचे नाव आयएनसी-२०ए. ते दाखल होईपर्यंत कंपनीने धंदा सुरू करायचा नाही आणि कर्जही काढायचे नाही. त्यासोबत पुरावा म्हणून कंपनीच्या खात्याचे स्टेटमेंट जोडावे लागते. त्यात त्याच्या खात्यातून ६० हजार आणि तिच्या खात्यातून ४० हजार आलेले दिसले पाहिजेत. संचालकाचे बचत खाते इथे चालत नाही.

मुदत चुकली तर कंपनीला ५० हजार रुपये दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला रोज १ हजार, कमाल १ लाख. छोट्या कंपन्यांना कायद्याने दंड निम्म्यावर आणण्याची सवलत दिली आहे, पण १ लाख भांडवलाच्या कंपनीला तो निम्माही कंबर मोडणाराच. शिवाय कंपनी निबंधक कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची कारवाई सुरू करू शकतात.

खात्याचा अर्ज तर नोंदणीसोबतच होतो. फेब्रुवारी २०२० पासून कंपनी नोंदणीच्या स्पाइस प्लस अर्जाला जोडलेल्या फॉर्ममधूनच बँक खात्याची मागणी करावी लागते. अडचण अशी की एजंट यादीतली कोणतीही बँक निवडून मोकळा होतो. पुढे त्या बँकेतून फोन येतो, तो घेतला जात नाही, खाते अर्धवट राहते आणि तरुण समजतो की खाते निघाले आहे. अर्जात कोणती बँक निवडली हे त्याच दिवशी एजंटाला विचारून घ्या.

बचत खात्यात काय बिघडते?

पहिली गोष्ट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बँकांना व्यापारी किंवा व्यावसायिक संस्थेच्या नावाने बचत खाते उघडता येत नाही, मग ती एकल मालकीची असो, भागीदारी असो की कंपनी. त्यांच्यासाठी चालू खाते. अपवाद आहेत : बचत गट, संस्था नोंदणी कायदा १८६० खालच्या संस्था, कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्या. आपले बरेच कार्यकर्ते संस्थाही चालवतात आणि धंदाही, म्हणून इथे घोटाळा होतो. "आमच्या संस्थेला बचत खाते मिळाले, मग कंपनीला का नाही?" त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट कराची. तुमच्या कंपनीने बिल दिले, समोरच्याने कंपनीच्या पॅनवर टीडीएस कापला आणि पैसे मात्र तुमच्या वैयक्तिक खात्यात आले. आता आयकर खात्याच्या नोंदीत उत्पन्न कंपनीचे आणि जमा तुमची. खुलासा दोघांनाही द्यावा लागणार. जीएसटी नोंदणी घेतली असेल तर नोंदणीपासून ३० दिवसांत बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो आणि तो नोंदणीदाराच्या, म्हणजे कंपनीच्या, नावाचाच हवा.

उलट दिशेने पैसा काढतानाही तेच. कंपनीच्या खात्यातून घराचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचा हॉल, मोबाइलचे रिचार्ज भरत गेलात, तर हिशोब तपासनीस ते संचालकाला दिलेले कर्ज म्हणून दाखवेल. अशा कर्जावर कलम १८५ ची बंधने आहेत. लहान खासगी कंपन्यांना अटींवर सूट आहे, पण अटी वाचल्याशिवाय तिचा भरवसा धरू नये. आणि ज्याचे मतदानाचे हक्क १० टक्के किंवा जास्त आहेत अशा भागधारकाला खासगी कंपनीने दिलेले कर्ज, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, आयकर कायदा लाभांश मानतो आणि त्यावर कर लागतो. घरच्यासारखे वापरलेले पैसे असे महाग पडतात.

मग स्वतःच्या कंपनीतून पैसे घ्यायचेच नाहीत का? जरूर घ्या, पण नाव लावून घ्या. संचालक म्हणून पगार, तुमची जागा वापरत असाल तर भाडे, कंपनीसाठी केलेल्या खर्चाची पावतीसह भरपाई, नफा झाला तर लाभांश. सुरुवातीला तुम्ही कंपनीला कर्ज म्हणून पैसे दिले असतील तर त्याची परतफेड. संचालकाने कंपनीला दिलेले कर्ज चालते, मात्र ही रक्कम मी दुसऱ्याकडून उसनी घेऊन देत नाही, असे लेखी घोषणापत्र त्याने द्यायचे असते. आईचे दागिने गहाण ठेवून आणलेले पैसे कंपनीत टाकणाऱ्यांनी ही अट नीट समजून घ्यावी. त्यांच्यासाठी भांडवल वाढवणे हा सरळ मार्ग.

रोखीचा मोहही टाळा. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजार रुपयांहून जास्त रोख दिले तर तो खर्च करात धरला जात नाही. हिशोबाच्या वह्या आणि त्यांना आधार देणारी कागदपत्रे आठ वर्षे जपायची असतात. सगळे व्यवहार एका खात्यातून झाले तर निम्मी वही बँकच लिहून देते.

आपल्याकडे हे नवीन नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन धंद्यात, एक अडचणीसाठी राखून. धंद्याचे दोन भाग घरखर्चाच्या भागात मिसळले की हा हिशोब राहतच नाही.

नाव आपले, सही आपली, पैसा कुणाचा?

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येऊ. खडकवासल्याच्या परिसरात केंद्र सरकारच्या मोठ्या संस्था आहेत. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी संरक्षण मंत्रालयाची, १९१६ पासूनचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र जलशक्ती मंत्रालयाचे. केंद्राची मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांना २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांचा वाटा ४ टक्के. निविदेची अनामत रक्कमही सूक्ष्म व लघु उद्योगांना माफ. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला, त्यामुळे अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या बौद्ध उद्योजकालाही हा हक्क आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी अट एवढीच की किमान ५१ टक्के शेअर अनुसूचित जाती-जमातीच्या प्रवर्तकांचे असावेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेतही, १० लाख ते १ कोटीच्या कर्जासाठी, ५१ टक्के आणि नियंत्रण ही अट होती.

जिथे ५१ टक्क्यांना किंमत येते तिथे ५१ टक्के भाड्याने घेणारेही येतात. पद्धत ठरलेली असते. एखादा मुरलेला कंत्राटदार आपल्या वस्तीतल्या मुलाला म्हणतो, "तू फक्त नाव दे, बाकी सगळे आम्ही बघतो, महिन्याला ठरावीक रक्कम घरपोच." कंपनी निघते, मुलगा संचालक होतो, कागदावर ५१ टक्के त्याचे. पण भांडवलाचे पैसे त्याच्या खात्यातून आलेलेच नसतात. बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कंत्राटदाराचा, ओटीपी त्याच्याकडे, इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड त्याच्याकडे आणि कोऱ्या चेकवर सह्या मात्र मुलाच्या.

त्या मुलाला आम्हाला सांगायचे आहे की मालकी शेअर सर्टिफिकेटवर जेवढी असते तेवढीच बँकेच्या सही-पत्रकावर असते. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली सही करणाऱ्यावर खटला उभा राहतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेअर नावावर पण खरा लाभ दुसऱ्याचा, असे असेल तर ते कलम ८९ प्रमाणे ३० दिवसांत कंपनीला लेखी कळवायचे असते. न कळवल्याचा दोषही मुलाच्याच खाती जमा. कंत्राटदाराचे नाव यातल्या कुठल्याही कागदावर नसते. आणि आपल्यातल्याच खऱ्या उद्योजकाचे काम हिरावले जाते ते वेगळेच. पुण्यातच २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी डिक्की, म्हणजे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, स्थापन केली. आपला उद्योजक आपल्या नावाने बाजारात उभा राहावा, यासाठी झालेल्या प्रयत्नांवर हे नावभाडे पाणी फिरवते.

म्हणून खाते काढताना बँकेच्या चार्जेसइतकीच चौकशी स्वतःची करा. भांडवलाचे पैसे माझ्याच खात्यातून गेले का? नोंदलेला मोबाइल आणि ईमेल माझा आहे का? सहीचा ठराव संचालक मंडळात खरोखर झाला का? दोन संचालक असतील तर ठरावीक रकमेवरच्या चेकवर दोघांच्या सह्या लागतील असा ठराव करून घ्या. बँका तो मान्य करतात आणि मैत्रीही टिकते. कोऱ्या चेकवर सही, कुणासाठीही, नाही.

बँकेत जाताना

कागद फार नाहीत : नोंदणी प्रमाणपत्र, घटनापत्रक व नियमावली, कंपनीचा पॅन, खाते उघडण्याचा ठराव, संचालकांची ओळखपत्रे आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पुरावा. अडते ते शेवटच्या कागदावर. आपल्यापैकी बहुतेकांचे कार्यालय म्हणजे राहते घर आणि घर आजोबांच्या किंवा चुलत्याच्या नावावर. हरकत नाही. विजेचे ताजे बिल आणि घरमालकाचे ना-हरकत पत्र चालते. खडकवासला २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले, त्यामुळे जुन्या कागदावर ग्रामपंचायत आणि नव्यावर महापालिका असे दोन पत्ते दिसू शकतात. नोंदणीत जो पत्ता दिला, अक्षरशः तोच बँकेला द्या.

घराबाहेर कंपनीची पाटी लावा. कलम १२ प्रमाणे ती सक्तीची आहे आणि इंग्रजीत असेल तर स्थानिक लिपीतही हवी, म्हणजे आपल्याकडे मराठीत. बँकेचा माणूस पत्त्याच्या पाहणीला आला तर बहुधा आधी पाटीच शोधतो. चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि किमान शिल्लक प्रत्येक बँकेची वेगळी असते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. काही बँकांत नव्या कंपन्यांसाठी कमी शिल्लकीची खाती मिळतात.

वेगळ्या खात्याचा एक फायदा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ठेव विमा महामंडळ एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची. कंपनी ही वेगळी व्यक्ती असल्याने तिच्या खात्याला तिचे वेगळे संरक्षण मिळते, तुमच्या बचतीला तुमचे. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, ते ठेवीदार आपल्याच गल्लीत राहतात.

कार्यकर्त्यांसाठी एक छोटी गोष्ट. जयंतीची वर्गणी, विहाराचे दान कंपनीच्या क्यूआर कोडवर घेऊ नका. कंपनीला दान द्यायचे असेल तर तिने आपल्या खात्यातून, मंडळाच्या ठरावाने, संस्थेच्या खात्यात द्यावे. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत संचालकांना तो अधिकार आहे, पुढे भागधारकांची संमती लागते.

कंपनी हवीच का?

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, एवढा पसारा? रास्त प्रश्न आहे. धरणाच्या चौपाटीवर भजी-मक्याचे कणीस विकणाऱ्याला किंवा एकट्याने वायरिंगची कामे करणाऱ्याला कंपनीची गरज नाही. एकल मालकीत उद्यम नोंदणी आणि दुकानाच्या नावाचे चालू खाते पुरेसे आहे. २०१२ च्या खरेदी धोरणाचा लाभही एकल मालकाला मिळतो. कंपनी काढली की उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण आले, निबंधकाकडे ताळेबंद आणि वार्षिक विवरण आले. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये, त्याला कमाल मर्यादा नाही. सलग तीन वर्षे काहीच भरले नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र.

‘कागदावर पडून राहू दे’ म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ आठवावे. नोंदवहीतून काढलेल्या सुमारे २ लाख ९ हजार कंपन्यांच्या बँक खात्यांवरचे व्यवहार रोखण्याचे निर्देश तेव्हा केंद्राने बँकांना दिले होते. ‘मर्यादित दायित्व मिळते’ म्हणून कंपनी काढणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे की छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच. आणि घर-कंपनीचा पैसा एकमेकांत कालवलेला असेल तर न्यायालय कंपनीचा पडदा बाजूला सारून थेट तुमच्याकडे पाहू शकते.

ज्यांनी कंपनी आधीच काढली आहे त्यांनी आज प्रमाणपत्रावरची तारीख पाहावी आणि १८० दिवस मोजावेत. दिवस शिल्लक असतील तर प्रत्येक भागधारकाने आपापल्या खात्यातून, ‘शेअर भांडवल’ असा शेरा लिहून, ठरलेली रक्कम कंपनीच्या खात्यात ऑनलाइन भरावी. मित्राने सगळ्यांच्या वतीने रोख भरली, असे करू नये. स्टेटमेंट निघाले की सीएकडे द्यावे आणि आयएनसी-२०ए ची पावती स्वतःच्या ईमेलवर मागून घ्यावी. दिवस उलटले असतील तरी फॉर्म जादा शुल्कासह भरता येतो. जितका लवकर तितका स्वस्त.